जुन्या मोटारींचे मूळ रूप आणि नोंदणीचे नियम

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट केले. देशी बनावटीच्या मोटारीस ५,००० रुपयांऐवजी १०,००० आणि आयात केलेल्या मोटारीस ४०,००० ऐवजी ८०,००० रुपये असा हा नवा दर आहे. धूर ओकणारी वाहने रस्त्यावरून दूर व्हावीत, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. मात्र याच सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ मोटारींसाठी जे स्वतंत्र नियम केले, त्यांच्याशी हा दर ताडून पाहिला म्हणजे धोरणातील एक विसंगती ठळकपणे नजरेस येते.

त्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे लोटलेली व मूळ रूपात जतन केलेली खासगी मोटार ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात, ही नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढील नूतनीकरणास ५,००० रुपये पुरतात. अशी मोटार प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, शर्यतफेरी, इंधन व देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. व्यवस्था चांगली आहे. पण पन्नासाव्या वर्षाच्या उंबरठ्यापर्यंत मोटारीने पोचायचे कसे? विसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे, तर आयात मोटारीच्या मालकाला आजच्या दराने सहा वेळा मिळून ४ लाख ८० हजार रुपये मोजावे लागतील. म्हणजे वारसा म्हणून ज्या वस्तूचा गौरव करायचा, तिला आधी तीस वर्षे दंड भरायला लावायचा, असा हा प्रकार झाला.

हा प्रश्न किती खरा आहे, हे अमेरिकन मोटारींच्या इतिहासावरून कळते. १९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली आणि ‘मसल कार’ नावाचे पर्व सुरू झाले. पुढे डॉज, प्लिमथ, शेव्हरोले यांनीही तोच मार्ग धरला. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा अमेरिकेतील स्वच्छ हवा कायदा आणि अखेरीस १९७३ चे तेलसंकट यांनी दहा वर्षांच्या आत हे पर्व संपविले. आपल्याकडे या मोटारी दुर्मिळ का, याचे उत्तर मुंबईच्याच औद्योगिक इतिहासात आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ व डी सोटो मोटारींची जुळणी केली. पुढे स्वदेशी उत्पादनाचे धोरण आले, परदेशी जुळणी-कारखाने बंद झाले आणि प्रीमियर फियाटकडे वळली. त्यामुळे साठीच्या दशकातील बड्या अमेरिकन मोटारी येथे आल्या त्या प्रामुख्याने वकिलातींमार्फत. पुढे राज्य व्यापार महामंडळाने केलेल्या विक्रीतून त्यांतील काही खासगी हाती गेल्या.

त्यानंतर इंधन महागले. अनेक मालकांनी पेट्रोल पिणारे आठ सिलिंडरांचे इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसविले. आता नियम म्हणतो की चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली मोटार मूळ रूपातील नव्हे. केवळ शब्दार्थ पाहिला, तर हे बरोबर आहे. परंतु पंचेचाळीस वर्षांपूर्वी भारतीय मालकाने टंचाईपोटी केलेला बदल आणि काल-परवा हौसेखातर केलेली सजावट यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे. पहिल्या बदलात त्या काळाचीच नोंद आहे.

मूळ रूप राखणे म्हणजे केवळ नवा रंग चढविणे नव्हे. जाणकार प्रथम चासी व इंजिनावरील ठोकलेले क्रमांक कागदांशी ताडतो. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन तो घाईने सुरू करीत नाही. तो सिलिंडरमध्ये तेल सोडतो, क्रँक हाताने फिरवून पाहतो, कुजलेले पेट्रोल टाकीतून काढतो आणि ब्रेकच्या नळ्या आधी बदलतो. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर चकचकीत रंग मारणे सोपे असते. गंज कापून तेथे नव्या पत्र्याचा तुकडा जोडणे कठीण, पण टिकाऊ. मूळ रंग एकदाच असतो. तो खरवडला की पुन्हा मिळत नाही. त्यात आता इथेनॉलमिश्रित पेट्रोलची भर पडली आहे. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि त्या काळच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झाले, ते सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने अत्यावश्यकच होते. मात्र जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह-सीटना शिशामुळे मिळणारे संरक्षणही त्याबरोबर गेले, हे ध्यानात घेऊनच त्यांची दुरुस्ती करावी लागते.

श्रीमंतांच्या खेळण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. हाच नियम कारकुनाने कर्ज काढून घेतलेल्या प्रीमियर पद्मिनीला आणि शिक्षकाच्या स्कूटरलाही लागू होतो. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरताच ती गेली. या मोटारीचे उत्पादनच २००० च्या सुमारास थांबले असल्याने जी पद्मिनी आज कोणाच्या दारात उभी आहे, तिच्यापुढे पन्नाशीपर्यंतची मोठी वाट अजून शिल्लक आहे. अमेरिकन मोटारीचा धनिक मालक ८०,००० रुपये भरील. पद्मिनीचा निवृत्त मालक मात्र १०,००० रुपयांचा विचार करील आणि भंगारवाल्याला हाक मारील. नियमाचा खरा भार पडतो तो असा.

उपाय अवघड नाही. ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ तीस वर्षांवरील, योग्य रीतीने जपलेल्या आणि दैनंदिन वापरात नसलेल्या वाहनास ऐतिहासिक मानतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर वाहनकरात सूट मिळते. आपणही तीस ते पन्नास वर्षांच्या वाहनांसाठी मर्यादित वापराची, माफक शुल्काची वेगळी वर्गवारी करावी. वर्षातील धावेवर बंधन घालावे, धुराची तपासणी कायम ठेवावी. जुने फेरफार लपवून ठेवण्याऐवजी नोंदणीपत्रकात दाखविण्याची मुभा द्यावी.

दुसरी गरज हातांची आहे. पडघ्यासारख्या मुंबई-आग्रा महामार्गावरील गावांच्या चालचलनात वाहन-दुरुस्तीचा धंदा मुरलेला आहे. पत्रा ठोकणारे, वेल्डर, लेथवर काम करणारे हे कारागीर मालवाहतुकीच्या आधाराने तगून आहेत. परंतु कार्बोरेटर जुळविणारा किंवा पॉइंटची फट कानाने ओळखणारा हात नव्या पिढीत दुर्मिळ होत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हे ज्ञान अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमात आणले, तर भिवंडी तालुक्यातील मुलांना एक विशेष कौशल्य मिळेल. गाडी गोदामात दहा वर्षे राहू शकते. तिला जिवंत करणारा कारागीर मात्र कामावाचून दहा वर्षे थांबत नाही.