तुम्ही एकमेकांचे कोण?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयतां वर्ध्याला गेलो होतो. दोघेही मराठी शिकवतो. सेवाग्राम आणि पवनार वर्गात अनेकदा उच्चारले, पण पाहायचे राहूनच गेले होते. शहराच्या मध्यवस्तीतील एका हॉटेलात खोली आगाऊ ठरवली होती. काउंटरवर दोघांची आधारकार्डे ठेवली. तेथील तरुणाने ती दोनदा पाहिली आणि अदबीनेच विचारले, “आडनावं वेगळी आहेत ना जी सर. मॅडम तुमच्या मिसेस आहेत, याचं काही प्रूफ?”

पत्नी म्हणाली, “मी कोण, ते कार्डावर आहे. मी यांची कोण, हे तुम्हाला कशाला हवं?”

तरुण माझ्याकडे पाहू लागला. उत्तर पुरुषाकडून यावे, ही अपेक्षा त्या पाहण्यात होती. आणि मी ती पूर्ण केली. मोबाईलमध्ये आमच्या लग्नाचा जुना फोटो होता, तो काढून दाखवला. किल्ली मिळाली. खोली स्वच्छ होती, गरम पाणी होते, तक्रारीला जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत पत्नी फारसे बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, “फोटो नसता तर?”

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा प्रयत्न आहे. त्या तरुणाविषयी माझी तक्रार नाही. मालकाने सांगितले ते त्याने केले. तक्रार प्रश्नाविषयी आहे, आणि त्याहून अधिक माझ्या उत्तराविषयी.

ओळखपत्र मागणे रास्त आहे. मुक्कामाला कोण उतरले याची नोंद ठेवणे ही हॉटेलची जबाबदारी आहे. परंतु ओळख आणि नाते या भिन्न गोष्टी आहेत. लग्नानंतर स्त्रीने आडनाव बदललेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. लग्न न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहणे हा गुन्हाही नाही. कोइम्बतूर येथील एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तरीही जानेवारी २०२५ मध्ये ओयोसारख्या देशव्यापी कंपनीने मेरठपासून नवे धोरण आणले आणि नात्याचा पुरावा न देणाऱ्या जोडप्यांना खोली नाकारण्याची मुभा आपल्या भागीदार हॉटेलांना दिली. म्हणजे जे कायदा विचारत नाही, ते काउंटर विचारते.

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला असा की हॉटेल ही खासगी मालमत्ता आहे, मालकाने कोणाला ठेवावे हा त्याचा प्रश्न. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने मात्र दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करून धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे मज्जाव करण्यास मनाई केली आहे. त्या यादीत वैवाहिक स्थिती नाही, हे मान्य. पण ‘माझे दार, माझी मर्जी’ हा युक्तिवाद घटनाकारांनी हॉटेलच्या उंबरठ्यावरच अडवला होता, हे विसरून कसे चालेल? दुसरा आक्षेप स्त्रियांच्या सुरक्षिततेचा. येथे तर समोर उभी असलेली स्त्री स्वतःच्या नावाने बोलत होती. तिचे न ऐकता तिच्या शेजारच्या पुरुषाकडे वळणारी ही कोणती सुरक्षितता?

हे वर्ध्यात घडावे याचा सल अधिक आहे. याच गावात १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. येथून काही मैलांवर सेवाग्रामात परचुरे कुटी आहे. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींना गांधीजींनी आपल्या निवासाजवळ जागा दिली आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. कोणी म्हणेल, आश्रमाचे नियम तर हॉटेलपेक्षा कितीतरी कडक होते. बापू कुटी वेगळी, बा कुटी वेगळी! खरे आहे. परंतु तो व्रताचा नियम होता आणि व्रत घेणाऱ्यांनी तो स्वेच्छेने पत्करला होता. येथे नियम दुसऱ्यासाठी आहे आणि भाडे मात्र आपल्यासाठी.

आता आपल्या विषयाकडे येतो. आपण प्रवासवर्णन शिकवतो तेव्हा निसर्गचित्रण, विनोद, निवेदकाचे व्यक्तिमत्त्व अशी शीर्षके फळ्यावर लिहितो. ‘अपूर्वाई’तील जोडप्याबरोबर आपण आनंदाने हिंडतो. परंतु प्रवाशाला मुक्कामाला जागा कोणी दिली आणि काय विचारून दिली, हा प्रश्न आपल्या चिकित्सेत येत नाही. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त १९१७ सालचे बडोदे आहे. पारशी धर्मशाळेत परधर्मीयाला जागा नव्हती. रोज दीड रुपया आणि रजिस्टरात पारशी नाव, एवढ्यावर त्यांना खोली मिळाली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. परदेशात शिकून आलेला, संस्थानचा अधिकारी असलेला माणूस त्या दिवशी कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. हा मजकूर आपण आत्मकथन म्हणून वाचतो. तो प्रवासवर्णन म्हणून का वाचू नये?

आमचा प्रसंग त्या प्रसंगाच्या पासंगालाही पुरत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. आमच्या पाठीशी लग्न होते, नोकऱ्या होत्या, फोटो होता. दोन्हींतील यंत्रणा मात्र ओळखीची आहे: रजिस्टर पुढे येते आणि त्यात बसेल असे नाव वा नाते ज्याच्यापाशी असेल त्यालाच किल्ली मिळते. घरच्यांच्या धाकाने गाव सोडून आलेले आंतरजातीय जोडपे रात्री अकरा वाजता त्याच काउंटरवर उभे राहते, तेव्हा त्यांच्या मोबाईलमध्ये मांडवातला फोटो नसतो. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सुचवले. निवाऱ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच्या रात्री त्यांनी कोठे काढायच्या? मी फोटो दाखवला तेव्हा माझी सुटका झाली आणि त्यांच्यासाठीचा नियम आणखी घट्ट झाला. ‘सगळेच दाखवतात हो,’ असे तो तरुण पुढच्या जोडप्याला सांगू शकेल, आणि त्या ‘सगळ्यां’त मी असेन.

खोली सोडताना रजिस्टरात सही करायची होती. ‘नाते’ या रकान्यात आदल्या दिवशी मीच, माझ्याच अक्षरात, ‘पती-पत्नी’ लिहिलेले दिसले. पत्नीने ते वाचले आणि काही न बोलता आपली सही केली, स्वतःच्या आडनावासह. पुढच्या प्रवासात तो रकाना मी कोरा ठेवणार आहे. खोली मिळाली नाही तर स्टेशन आहेच.