यंत्राला पानभर, आम्हाला ‘बघून शिक’

दोस्तांनो, नवी टूम निघालीय. सॉफ्टवेअर कंपन्यांतले साहेब लोक एकाएकी लिहायला बसलेत. कुठलं टूल काय करतं, काय करत नाही, त्याला कुठली माहिती लागते, चुकलं तर काय होतं, सगळं स्वच्छ शब्दांत. हा पुळका कुणासाठी? एआय एजंटसाठी!

मी जासईचा. कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर बसतो. ज्या सॉफ्टवेअरवर रोज बोटं झिजवतो त्याचं माहितीपत्रक मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘बघून शिक.’ शिकलो. स्टेटसमध्ये ४ म्हणजे डबा गेटबाहेर जायला मोकळा, ७ म्हणजे अडवलेला. कुठे लिहिलंय? कुठेच नाही. एका सीनियरच्या डोक्यात आहे. तो रजेवर गेला की ट्रेलर उभे आणि ड्रायव्हर उपाशी. हा आमचा भटजी. पोथी त्याच्या बगलेत, मंत्र त्याच्या तोंडी, दक्षिणा दर एक तारखेला. ज्ञान दडवून थोर व्हायची ही खोड या देशाला काही नवी नाही.

पण यंत्रापुढे भटजीची डाळ शिजत नाही. मी अडलो तर शेजारच्या खुर्चीला कोपर मारतो. एजंटला शेजारी नसतो. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. एजंटने बाहेरची टूलं कशी वापरायची त्याची ती एक पद्धत. तिच्यात प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय द्यायचं त्याचा साचा एजंटपुढे ठेवतात. त्याची सगळी अक्कल त्या वर्णनावर टांगलेली. वर्णन गचाळ असलं तरी बेटा गप्प बसेलच असं नाही. बिनधास्त अंदाज ठोकतो.

रकाना आहे ‘वजन’. कसलं वजन? रिकाम्या डब्याचं की मालासकट? १ जुलै २०१६पासून भरलेला निर्यातीचा कंटेनर पडताळलेल्या एकूण वजनाशिवाय जहाजावर चढत नाही. ते वजन का? किलोत की टनात? तारीख ०३/०४. तीन एप्रिल की चार मार्च? ‘एरर १७’ ही तर नुसती शिवी झाली. त्याजागी लिहा: ‘कंटेनर नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी तपासणीचा एक आकडा असतो. तो शेवटचा आकडा जुळत नाही. डब्यावरचा नंबर पुन्हा वाचा.’ एवढ्या दोन-चार वाक्यांनी एजंट सुधारतो आणि काल कामाला लागलेलं पोरगंही सुधारतं. ‘रद्द करा’ हे बटण दाबल्यावर नोंद परत आणता येते की कायमची जाते, तेही लिहा. कायमची जात असेल तर आधी माणसाला विचारायचं, हे टूलच्या वर्णनातच ठोकून ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तसा अडसरही घाला. नुसत्या वर्णनाच्या भरवशावर राहू नका.

आता आपलेच काही दोस्त म्हणतात, लिहू नका रे! आपल्याला माहीत आहे तेवढीच आपली भाकरी. सगळं लिहून दिलं की एजंट आपल्या खुर्चीवर बसवतील आणि आपल्याला रस्ता दाखवतील.

भीती खरी आहे. मी ती हसण्यावारी नेत नाही. पण दडवणं हा आपला डाव नव्हे, तो भटजीचा डाव. त्या डावात आपण कधी जिंकलोय? जानेवारी १९८४ आठवा. जमिनी सिडकोच्या घशात चालल्या होत्या, दि. बा. पाटलांच्या मागे आपल्या भागातला शेतकरी उतरला, १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क निघाला. किती टक्के, कशाचे, कुणाला? आपल्याकडचा अडाणी म्हाताराही तो आकडा झोपेत सांगेल. म्हणून त्याच्यावर पुढची कित्येक वर्षं भांडता आलं. साहेबाच्या मनात ठेवलेल्या आकड्यावर कोण भांडणार?

तेव्हा लिहायचं, पण फुकट नाही. एजंटला जे पान देता तेच पान गेटवर मराठीत लागलं पाहिजे. दोन पानं नकोत, यंत्राला खरं आणि आम्हाला थातुरमातुर. ४ आणि ७चा अर्थ ज्याने सांगितला त्या क्लार्कचं नाव त्या पानावर छापलं पाहिजे, मग तो कंत्राटी का असेना. नियम बदलला की त्याच दिवशी पान बदललं पाहिजे. जुनं पान कोऱ्या पानापेक्षा घातक, कारण एजंट त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि एजंटने चुकीचा डबा सोडला तर मेमो कुणाला, तेही त्यावर आधीच असू द्या. नाहीतर तो रात्रपाळीच्या पोराच्याच हातात पडणार!

काचेच्या केबिनमध्ये बसून हे पान कुणालाही लिहिता येणार नाही. तिथे डब्यावरचा गंजलेला नंबर दिसत नाही. गेटवरच्या पोरांना आठवडाभर बसवा, भरपगारी. ती बोलतील, मी टाइप करतो.