लॉकडाऊनमध्ये बोईसरची हवा खरंच सुधारली होती का?

मार्च २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन पुण्याहून बोईसरला घरी आलो आणि वर्क फ्रॉम होम सुरू झालं. एप्रिलमध्ये एका रात्री आई म्हणाली, "आज वास नाही रे." तारापूर एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. इथे रात्री खिडकी उघडायची की नाही, ते वासावर ठरतं. मला प्रश्न पडला, हे आकड्यांत दिसतं का?

आधी उपग्रह बघूया. सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण रोज दुपारी दीडच्या सुमारास नायट्रोजन डायऑक्साइड मोजतं. युरोपीय अवकाश संस्थेच्या मते, लॉकडाऊनमध्ये मुंबई आणि दिल्लीवर हा वायू २०१९ च्या त्याच काळापेक्षा ४० ते ५० टक्के कमी झाला. 'त्याच काळापेक्षा' हे महत्त्वाचं. किनाऱ्यावरची हवा हिवाळा संपला की तशीही सुधारते. जानेवारीशी तुलना केली, तर ऋतूचं श्रेय लॉकडाऊनला जाईल.

पण मुंबईचा निष्कर्ष बोईसरला चिकटवता येत नाही. हा वायू मुख्यतः इंधन जळल्यावर तयार होतो. मुंबईत गाड्या थांबल्या. आपल्याकडे औषधनिर्मितीला सूट होती, आणि २० एप्रिलपासून आणखी काही उद्योगांना अटींवर परवानगी मिळाली. शिवाय ट्रोपोमीचा एक पिक्सेल साधारण ५.५ × ३.५ किलोमीटरचा. कंपन्या, वस्ती, रस्ते सगळं त्यात एकत्र. कुठल्या चिमणीतून काय निघालं, ते त्यातून कळत नाही.

मग मोबाइलवरचा एक्यूआय? भारताचा एक्यूआय आठ प्रदूषकांवर चालतो: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. ज्याचा उपनिर्देशांक सर्वांत जास्त, तोच अंतिम आकडा. सॉल्व्हंटची वाफ किंवा हायड्रोजन सल्फाइड या यादीत नाहीतच. म्हणजे आईच्या नाकाला जे कळतं, त्याला या डेटात कॉलमच नाही! ॲप हिरवं आणि खिडकी बंद, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि प्रश्न फक्त हवेचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिलं आलं. त्यात हवा, पाणी आणि जमीन तिन्ही मोजतात. काही आठवडे चिमण्या थंडावल्या म्हणून जमिनीत मुरलेलं निघून जात नाही.

वास नसलेल्या एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही. वाराही फिरलेला असू शकतो. म्हणूनच एमआयडीसीच्या हद्दीवर या वायूंची सतत मोजणी आणि सगळ्यांना दिसणारा डेटा हवा. तोवर एवढं करा: वास आला की तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा, आणि तक्रारीत ती द्या. "खूप वास येतो" यापेक्षा अशा वीस नोंदी टाळणं अवघड असतं.