रस्ता विचारता आला पाहिजे

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवलं जातं. भोर-वेल्ह्याची मुलंही कविता म्हणतात, स्पेलिंग पाठ करतात. पण दहावी झालेल्या मुलीला परक्या शहरात इंग्रजीत रस्ता विचारता येतो का, हे आपण तपासत नाही. वर्गात प्रश्न शिक्षकांनी विचारायचे, उत्तरं मुलांनी द्यायची, अशी सवय असते. रस्ता विचारायला मात्र आधी स्वतः तोंड उघडावं लागतं.

या धड्यात बहुधा सिग्नल, बँक आणि चौक असतात. आपल्याकडे रस्ता सांगतात तो फाटा, ओढा, देऊळ, दर्गा, एसटीचा थांबा यांच्या खुणेनं. ‘वरच्या आळीला जा, पुढे ओढा लागेल’ हे आपल्याला लगेच कळतं. इंग्रजीत ते शब्दाला शब्द ठेवून सांगता येत नाही. तिथे ओढा ‘लागत’ नाही, ‘यू विल सी अ स्ट्रीम’ असं म्हणावं लागतं. ‘लेफ्ट’, ‘राइट’ सगळ्यांना ठाऊक आहे, पण ऐकणाऱ्याचं तोंड कुठे आहे ते पाहून सांगावं लागतं. मग धडा इथलाच का घेऊ नये? पुण्याहून येणाऱ्याला चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळून नसरापूरमार्गे वेल्ह्याला पाठवा. कापूरहोळहून भोरला आणि पुढे वरंध घाटातून महाडला न्या. मुलांना रस्ता माहीत आहे, शब्द तेवढे शिकायचे आहेत.

याचा उपयोग आजच आहे. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तोरणा तर वेल्ह्याच्या डोक्यावरच उभा आहे. मराठी न कळणारा पाहुणा गुंजवणे किंवा पाली गावात वाट विचारेल, तेव्हा नीट सांगणारा पोरगा उद्या वाटाड्या म्हणून चार पैसे मिळवील. मोबाइलमध्ये नकाशा असतो हे खरं, पण डोंगराच्या आडोशाला रेंज जाते आणि पावसात बंद झालेली वाट गावकऱ्यालाच ठाऊक असते. आणखी एक वाक्य शिकवायला हवं : ‘सॉरी, आय डोंट नो.’ लाजेपायी ‘सरळ जा’ सांगून माणसाला रानात पाठवण्यापेक्षा ते बरं.

पण माझा मुद्दा मुख्यतः मुलींचा आहे. ‘एकटी कुठे जाशील, रस्ता चुकशील’ या एका वाक्यानं किती जणींचं कॉलेज, परीक्षा, नोकरी थांबते! आपल्या मोहल्ल्यांत हे वाक्य जरा जास्तच ऐकू येतं; वाड्यावस्त्यांवरही ते आहेच. भाऊ सोबत असेल तरच बाहेर, हा नियम धर्मापेक्षा भीतीवर अधिक चालतो. पुण्यात मराठी-हिंदीवर भागेल, पण बंगळुरू-चेन्नईला मुलाखतीला गेलेल्या मुलीला इंग्रजीच उपयोगी पडेल. कुणाला विचारावं, सांगितलेलं पुन्हा म्हणून खात्री कशी करावी, दुसऱ्याला विचारून कसं ताडून पाहावं, हेही भाषाशिक्षणच आहे.

त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. आठवड्यातून एक तास फळ्यावर गावचा नकाशा काढावा, अर्ध्या मुलांनी पाहुणे व्हावं, अर्ध्यांनी गावकरी. पहिला प्रश्न मात्र मुलीनं विचारावा.