यंत्राची ओळख : दोन चाकांतला वाटा

वाशीकडून येणारा पाम बीच मार्ग बेलापूरला किल्ल्याच्या चौकापाशी संपतो आणि तिथून हाकेच्या अंतरावर आपले दिवाळे आहे. रात्री या रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांचा आवाज कोळीवाड्यापर्यंत ऐकू येतो. गाडी कुणाचीही असो, तिचे नटबोल्ट खोलणारे हात बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतल्या मुलांचे असतात. अलीकडे या गाड्यांचे हौशी मालक ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवून द्या’ असे सांगत गॅरेजवर येतात. मुले त्याला ‘एलएसडी’ म्हणतात. तो भाग काय काम करतो आणि तो बसवलेल्या गाडीखाली शिरताना काय जपायचे, हे आज पाहू.

आधी साधे डिफरन्शियल समजून घेऊ. बैलगाडीचे प्रत्येक चाक आपापल्या आसावर मोकळे फिरते, त्यामुळे वळणावर अडचण येत नाही. मोटारीत मात्र एकाच इंजिनाने दोन चाके फिरवायची असतात. समजा, दोन चाकांत दीड मीटर अंतर आहे. गाडीने पूर्ण उलटे वळण घेतले तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे 4.7 मीटर जास्त चालते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर कोरड्या रस्त्यावर टायर घासतील आणि एक्सलवर ताण येईल. म्हणून क्राऊन गिअरच्या पोटात स्पायडर आणि साईड गिअर बसवतात. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने 1827 मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. आपल्या तीनचाकी रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्येही हीच युक्ती काम करते.

या युक्तीत एक खोड आहे. ती दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेला मासळीचा टेम्पो रुतला की काय होते ते आपण पाहतो. गाळातले चाक गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक जागेवर उभे राहते. गाळातले चाक दहा भाग जोरच पेलू शकत असेल तर चांगल्या चाकालाही दहाच भाग मिळतात. इंजिन कितीही ताकदीचे असले तरी एकूण वीस भागांवर गाडी हलत नाही. दुबळ्या चाकाला जेवढे झेपेल तेवढेच सबळ चाकाच्या वाट्याला येते.

शेतकऱ्यांनी यावर जुना उपाय शोधलेला आहे. ट्रॅक्टरच्या टाचेजवळ डिफरन्शियल लॉकचा पेडल असतो. ऊस भरलेली ट्रॉली चिखलात अडकली की चालक तो दाबतो, दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पण पेडल दाबून ठेवून वळायचे नसते, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्राच्या थारचे 2020 चे मॉडेल आले, तेव्हा तिच्या काही प्रकारांत मागच्या एक्सलला आपोआप लागणारे यांत्रिक लॉक आले. एक चाक फार जास्त फिरू लागले की ते लागते. मात्र हे लॉक आहे, एलएसडी नव्हे. लॉक दोन्ही चाके बांधून टाकते, तर एलएसडी फिरण्यातला फरक राहू देते पण त्याला लगाम घालते. टाटा कंपनीने 2012 मध्ये आणलेल्या सफारी स्टॉर्मच्या मागच्या एक्सलला असे एलएसडी दिलेले होते.

त्याचे मूळ मात्र शर्यतीच्या मैदानात आहे. 1930 च्या दशकात जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी आखलेल्या शर्यतीच्या गाड्या इतक्या जोरकस होत्या की वेगातही एक चाक सुटून फिरे. तेव्हा झेडएफ कंपनीकडून तशी रचना करून घेण्यात आली. पुढे 1956 मध्ये अमेरिकेत स्टुडबेकर-पॅकार्डने ती सामान्य ग्राहकाच्या गाडीत आणली.

गॅरेजमध्ये मुख्यतः दोन प्रकार येतात. पहिला प्लेटांचा. त्यात साईड गिअरच्या मागे क्लच प्लेटा दाबून बसवलेल्या असतात. त्या फरकाला अडवतात, पण कालांतराने झिजतात. दुसरा तिरक्या दातांच्या गिअरचा. तो दातांच्या घर्षणावर चालतो आणि जास्त टिकतो. समजा, त्याचे प्रमाण तिनास एक आहे. गाळातले चाक दहा भाग घेत असेल तर चांगल्याला तीस मिळतात. वीसच्या जागी चाळीस झाले! पण एक चाक पुरते हवेत गेले तर शून्याची तिप्पटही शून्यच. तिथे आधीपासून दाब दिलेला प्लेटांचा प्रकार उपयोगी पडतो.

आता कामाच्या गोष्टी.

तेल : प्लेटांच्या प्रकाराला एलएसडीसाठीचेच गिअर ऑईल घालावे. साधे घातले तर वळताना कडकड आवाज येतो आणि प्लेटा लवकर जातात.

माप : क्राऊन-पिनियन पुन्हा बसवताना शिम अंदाजाने टाकू नयेत. डायल गेज लावून दातांमधला प्ले मोजावा, दातांना रंग लावून ठसा पाहावा. ठसा दाताच्या टोकाला पडला तर गाडी थोड्याच दिवसांत हूंऽऽ असा आवाज करते आणि दोष मेकॅनिकच्या माथी येतो.

टायर : एकाच एक्सलवर एक नवा आणि एक घासलेला टायर चालणार नाही. सरळ रस्त्यावरही एलएसडी काम करीत राहते आणि झिजते.

पुढची चाके ओढणारी गाडी : तिच्यात डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते, म्हणून गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. नंतर जोराचा रेस दिला की स्टिअरिंग हाताला हिसका देते. हे मालकाला आधीच सांगावे. मजुरीही त्या हिशेबाने आधीच ठरवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जॅकची. साध्या गाडीचे एक चाक उचलून इंजिन गिअरमध्ये घातले तर बहुधा उचललेले चाकच फिरते. तेही करू नये, पण काहींना तशी सवय असते. एलएसडीच्या गाडीत हीच सवय जीव घेईल. एक चाक हवेत असले तरी जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारते. खाली झोपलेल्या पोराला सरकायला वेळ मिळत नाही. म्हणून इंजिन चालवायचे असेल तर इंजिनाने फिरणारी सर्व चाके उचलून गाडी पक्क्या घोड्यांवर घ्यावी आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. गाडीखाली माणूस असताना किल्ली खिशात असावी. अनोळखी गाडी आली तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, घोड्यांवर घेतलेल्या गाडीचे एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर आत प्लेटांचे एलएसडी आहे असे समजावे. उलट फिरले तरी गाफील राहू नये, तिरक्या दातांचा प्रकार तसाही फिरू शकतो. शिकाऊ पोराला गाडीखाली पाठवण्यापूर्वी हे सर्व तपासणे हे उस्तादाचे काम आहे, पोराचे नव्हे.

मालकालाही दोन शब्द सांगावेत. एलएसडीने पकड निर्माण होत नाही, आहे ती पकड वापरली जाते. पावसात ओल्या रस्त्यावर वळताना मागची चाके ओढणाऱ्या गाडीत रेस जास्त दिला तर एकाऐवजी दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडीची शेपटी फिरते. गाडी थांबवायला तर एलएसडी काहीच मदत करीत नाही. म्हणून आधी चांगले टायर, मग ब्रेक, मग सस्पेंशन आणि उरल्या पैशांत एलएसडी हा क्रम बरा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणी पुस्तकाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही. एलएसडीची नोंद त्या पुस्तकात नसते, तरी कंपनीच्या वॉरंटीचे काय होईल ते विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

आया-बहिणींनो, तुमचा मुलगा गॅरेजला जात असेल तर आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारा : “गाडीखाली जाताना घोडी लावतोस ना?” घोडी नाही असे उत्तर आले, तर ती मागण्याचा त्याला हक्क आहे हेही सांगा. कसबी कामगाराची किंमत त्याच्या हातात असते, आणि तो हात धड राहिला तरच घर चालते.

पुढील अंकी : ब्रेकचे तेल केव्हा आणि का बदलावे?