जवानाच्या घरचे मूल

हिंगोली शहरात रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे आजही नांदत आहेत. निजामी अमदानीत हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेची छावणी येथे होती. १९०३ साली ती मोडली, तंबू उठले, घोडी गेली. मागे राहिली ती वस्त्यांची नावे आणि शिपाईगिरीविषयीचा जनमानसातील आदर. पुढे १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध पेटले. त्या युद्धाने जवानाचे नाव गावोगावच्या चावडीवर पोचविले. आज राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट हिंगोलीस आहे. वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या तालुक्यांतूनही सैन्यात व निमलष्करी दलांत तरुण जात असतात. ‘घरात वर्दी आहे’ ही गोष्ट येथे अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान यथार्थच आहे.

परंतु या वर्दीच्या छायेत एक मूल वाढत असते, आणि त्याचा विचार आपण फारसा करीत नाही. त्या घरी अत्याचार घडला, मारहाण झाली, एखाद्या आप्ताने विश्वासाचा घात केला किंवा दारावर अकस्मात मृत्यूची वार्ता आली, तर त्या मुलाच्या मनाची वास्तपुस्त कोणी करावयाची, हा प्रश्न आम्ही आज जिल्ह्यापुढे ठेवीत आहो. तो नाजूक आहे याची आम्हांस जाणीव आहे. सैनिकांची घरे इतरांपेक्षा वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या घराविषयी समाजास अधिक आदर वाटतो त्या घराचे दार ठोठावण्यास समाज अधिक कचरतो, आणि त्या संकोचाची किंमत मूल मोजते.

जवानाच्या घराची घडणच निराळी असते. कर्ता पुरुष महिनोन् महिने दूर असतो. राखीव दलाच्या तुकड्या कधी गडचिरोलीच्या जंगलात, कधी निवडणुकीच्या, तर कधी सणावाराच्या बंदोबस्तावर जातात. सैन्यातील माणूस तर हजार कोस दूर. घरी राहते ती एकटी आई, तिच्यावर शेती, सासूसासरे आणि मुलांची शाळा. बाप सुटीवर येतो तो पाहुण्यासारखा. धाकटे मूल त्याला बिचकते, थोरले त्याच्या शिस्तीस. आणि कित्येकदा तो स्वतःच अशा गोष्टी पाहून आलेला असतो, की ज्या त्याने कोणास सांगितलेल्या नसतात. रात्री दचकून उठणारा, क्षुल्लक कारणावरून संतापणारा किंवा पेल्यात विसर शोधणारा बाप पाहिला, की मूल त्याचा अर्थ आपल्या परीने लावते. आणि मुलांचा अर्थ बहुधा एकच असतो : ‘माझेच काही चुकले.’

या सगळ्यावर शिक्कामोर्तब करते ते घरातील एक वाक्य : ‘बाबांना यातले काही सांगू नकोस, ते सीमेवर आहेत.’ आई ते मायेने म्हणते, आजोबा कर्तव्यबुद्धीने म्हणतात. त्यांचा हेतू शुद्ध असतो. पण ज्या मुलावर शेजारच्या अगर नात्यातल्या एखाद्या माणसाने हात टाकला आहे, त्याच्या कानी हे वाक्य पडले म्हणजे मौन हीच देशसेवा ठरते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून निराळा काय असणार? आणि अपराधी मनुष्यास तर हे मौन आयतेच लाभते.

हा धोका काल्पनिक नव्हे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार, आणि दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणारांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. त्याच वर्षी अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांची हेळसांड वा छळ झाल्याचे ज्यांच्या बाबतीत सिद्ध झाले होते, अशी सैनिकांची १,७७१ कुटुंबे त्यात तपासली गेली. सैनिक युद्धभूमीवर असताना अशा घटनांचे प्रमाण तो घरी असतानापेक्षा ४२ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि एकट्या राहिलेल्या मातांकडून होणारी हेळसांड तर जवळजवळ चौपट. या आकड्यांचा रोख मातांवर ठेवणे हा शहाणपणा नव्हे. कोणत्याही माणसाला एकटे टाकले तर त्याची शक्ती सरते, आणि ती सरली की पहिला फटका सर्वांत दुबळ्यास बसतो, हे त्या आकड्यांचे मर्म आहे. म्हणून मुलास वाचवावयाचे तर आधी आईस आधार दिला पाहिजे.

मोठ्या छावणीत राहणाऱ्या कुटुंबाला थोडाफार आधार असतो. तेथे लष्करी रुग्णालय असते, सैन्याच्या शाळा असतात, १९६६ साली स्थापन झालेल्या सैनिकपत्नींच्या संघटनेचे कार्यही असते. १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेलिमानस’चा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. परंतु सेनगावच्या एखाद्या खेड्यात सासरी राहणारी जवानाची पत्नी या वर्तुळाबाहेर पडते. छावणी तिच्यापासून दूर. आणि गावातील अंगणवाडी, शाळा, पोलीस ठाणे यांना वाटते की, फौजीच्या घरचे फौज पाहील. फौजेस वाटते, गावचे सरकार पाहील. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, त्यातला हा प्रकार.

हा गैरसमज कायद्याच्या बाबतीत तर सर्वस्वी निराधार आहे. १९५० च्या लष्करी कायद्याच्या ७० व्या कलमान्वये लष्करी कायद्याखाली न येणाऱ्या व्यक्तीविरुद्ध सैनिकाने खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार केला, तर प्रत्यक्ष युद्धसेवा, परदेश अथवा सीमेवरील ठाणे हे अपवाद वगळता, त्याचा न्याय लष्करी न्यायालय करू शकत नाही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा, ‘पोक्सो’ या नावाने परिचित असलेला २०१२ चा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे बालदिनापासूनच, अंमलात आला. त्यात वर्दीवाल्यास सूट नाही. अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे ज्यास कळेल त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे, असे १९ वे कलम सांगते. न कळविणारास २१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, स्त्री अधिकाऱ्याने आणि साध्या वेषात घ्यावयाचा असतो. २०२० च्या नियमांनुसार तपास व खटल्याच्या काळात सोबत करणारी एक ‘साहाय्यक व्यक्ती’ बालकल्याण समिती मुलास देऊ शकते. नुसत्या मारहाणीसाठीही २०१५ च्या बालन्याय कायद्यात शिक्षा सांगितलेली आहे. कायदा तोकडा नाही. तोकडे आहे ते आपले धैर्य.

धैर्य तोकडे पडले म्हणजे काय होते, याचा एक दारुण दाखला अमेरिकेतील आहे. २००५ साली हवाई बेटांवरील लष्करी वसाहतीत पाच वर्षांची एक मुलगी सैनिक पित्याच्या आणि सावत्र आईच्या मारहाणीने मरण पावली. तिच्या छळाच्या खुणा लष्करी आस्थापनेतील एकाहून अधिक लोकांच्या दृष्टीस पडल्या होत्या. पण नागरी बालसंरक्षण खात्यापर्यंत ती गोष्ट वेळेवर गेली नाही. अखेर २०१६ साली तेथे कायदा झाला, की लष्करी यंत्रणेतील माणसांनी अशी शंका येताच राज्याच्या बालसंरक्षण खात्यासही थेट कळविले पाहिजे. अकरा वर्षांनी आलेले हे शहाणपण आपण एकाही लेकराचा बळी न देता का घेऊ नये?

आता समुपदेशनाविषयी. या शब्दाचा आपल्याकडे दोन प्रकारे विपर्यास होतो. काहींना तो उपदेश वाटतो : मुलास समोर बसवावे आणि ‘झाले गेले विसर, अभ्यासाला लाग’ असे सांगावे. काहींना तो समेट वाटतो : चार वडीलधाऱ्यांनी बसून प्रकरण मिटवावे, म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन्ही समजुती घातक आहेत. मुलावरील लैंगिक अत्याचार हे दोन घरांतील भांडण नव्हे. एका शिक्षकाविरुद्धच्या अशाच खटल्यात, पालकाशी तडजोड झाली म्हणून तो रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

खरे समुपदेशन सुरक्षिततेपासून सुरू होते. ज्याची भीती वाटते तो माणूस घरात वावरत असताना मुलाचे मन बरे करू जाणे म्हणजे पाऊस चालू असता अंगण सारवणे होय. त्यानंतर येते ते दिनक्रमाचे स्थैर्य : झोप, जेवण, शाळा, खेळ. मग मूल आपल्या गतीने, कधी शब्दांनी, कधी चित्रांनी, कधी बाहुल्यांच्या खेळातून, घडले ते बाहेर काढते. ऐकणाऱ्याने घाई करावयाची नसते, पुन्हा पुन्हा खोदून विचारावयाचे नसते, आणि ‘तुझा यात दोष नाही’ हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावयाचे असते. अपराधात ज्याचा हात नाही अशा पालकास या कामात सोबती करून घेतले, तर गुण लवकर येतो. ज्याचा बाप धारातीर्थी पडला त्या मुलाच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. त्याला सभामंडपात बसवून ‘वीरपुत्र’ म्हणणे ठीकच. पण वीरपुत्रासही रडावेसे वाटते, आणि ते रडू कोणासमोर मोकळे करावे, याची सोय गौरवसमारंभात नसते.

अध्यापनाच्या पेशात काही वर्षे घालविल्यामुळे आम्ही हे खात्रीने सांगू शकतो, की मुलाच्या मनातील वादळाची पहिली वर्दी वर्गात लागते. बोलके मूल एकाएकी मुके होते, हुशार मुलगी मागल्या बाकावर सरकते, सहावीतला मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागल्याचे आई संकोचाने सांगते, सुटीची घंटा झाली तरी कोणी घरी जावयास निघत नाही. शिक्षकाने येथे वैद्य व्हावयाचे नाही, पोलीसही व्हावयाचे नाही. मूल काही बोलले तर शांतपणे ऐकावे, ‘कोणालाही सांगणार नाही’ असे न पाळता येणारे वचन देऊ नये, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि योग्य ठिकाणी कळवावे, एवढे त्याचे कर्तव्य. छडीने मात्र हे मूल आणखी आत जाते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा बंद केली ती उगाच नव्हे.

हिंगोली जिल्ह्यात हे काम नव्या इमारतींवाचून होण्यासारखे आहे. सैनिक कल्याण खात्याजवळ माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या नोंदी असतात. बालसंरक्षण कक्षाजवळ कायदा जाणणारी माणसे असतात. जिल्हा रुग्णालयाजवळ मानसिक आरोग्याचा कार्यक्रम असतो. या तिघांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसावे, आणि मनोविकारतज्ज्ञाने ठरल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयांत जावे. आशा सेविकेने जवानाच्या घरी चौकशीसाठी न जाता विचारपुशीसाठी जावे. राखीव दलाच्या गटप्रमुखांनी, तुकडी बंदोबस्तावर गेली म्हणजे वसाहतीतील कुटुंबांची खबर घेणारी एखादी जाणती स्त्री नेमावी. लष्करी अधिकाऱ्यांनी, मुलाच्या प्रसंगासाठी बापाने रजा मागितली तर ती पलटणीवरील कलंक न मानता कर्तव्यच मानावी. १०९८ हा बालकांच्या मदतीचा आणि १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहिला जावा.

पैशाचा प्रश्न कोणी काढील. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून निधी गोळा होतो. सैनिकांच्या कुटुंबांचे कल्याण हा त्या निधीचा घोषित हेतूच आहे. मुलाचे मन सावरणे हे जर कुटुंबाचे कल्याण नव्हे, तर दुसरे कोणते? त्या निधीतील काही भाग या कामासाठी मिळावा, अशी मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी सरकारदरबारी करावी. आम्ही स्वतः तिचा पाठपुरावा करू.

जवान सीमेवर उभा राहतो तो आपले घर गावाच्या हवाली करून. त्याच्या मुलाचे रडणे ऐकू आले असता ‘ती त्यांच्या घरची गोष्ट’ म्हणून पाठ फिरविणे हा त्या विश्वासाचा भंग आहे. मग तो रडविणारा परका असो, आप्त असो, की खुद्द वर्दीतला असो. वर्दीचा मान राखावयाचा तो मुलास गप्प बसवून नव्हे. हिंगोलीने हे मनावर घ्यावे, आणि येत्या ध्वजदिनापूर्वी घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.