औषधाला काळ, अर्जालाही काळ

आंतरवासितेचे वर्ष सरत आले की छत्रपती संभाजीनगरातील आपले तरुण स्नातक ज्येष्ठ वैद्यांना विचारू लागतात, ‘आता अर्ज कोठे करावा?’ प्रश्न रास्त आहे. परंतु तो एक वर्ष उशिरा विचारला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठे उद्योग अभियंत्यांची निवड अंतिम वर्षातच, महाविद्यालयात येऊन करतात. आयुर्वेद स्नातकाच्या वाट्याला ही सोय क्वचितच येते. त्याचे नियोक्ते जागा रिकामी झाली की माणूस शोधतात. विद्यापीठाचा निकाल केव्हा लागला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

शासकीय क्षेत्र पाहा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या तपासणी पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकाऱ्यांची तरतूद आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने बी.ए.एम.एस. पदवीधरांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून संधी दिली. अशी पदे बहुधा कंत्राटी असतात, अर्जाची मुदत थोडी असते आणि वैद्यक परिषदेची नोंदणी लागतेच. कायम नोंदणी आंतरवासिता पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. म्हणून तिचा अर्ज आधीच तयार हवा. जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, अधिवास ही लागू असणारी प्रमाणपत्रेही हाताशी हवीत. एका कागदापायी उत्तम गुणांच्या स्नातकाची संधी जावी, यासारखे दुःख नाही.

खासगी रुग्णालयांची रीत निराळी. तेथे ओळखीच्या डॉक्टरांचा एक शब्द पुरतो, आणि रात्रपाळीसाठी निवासी वैद्यकीय अधिकारी बारमाही हवा असतो. ‘तूर्त दोन महिने’ म्हणून धरलेली ही रात्रपाळी अनेकांची पुढे कित्येक वर्षे सुटत नाही. नाडीपरीक्षा, पंचकर्म, औषधनिर्माण, जे हाती आलेले असते ते मागे पडते. शैक्षणिक कर्ज आणि कोरडवाहू शेतीचे ओझे वाहणाऱ्या मराठवाड्यातील मुलामुलींना मी दोष देत नाही. तथापि विचारपूर्वक निवडलेली नोकरी आणि दुसरे काही न शोधल्यामुळे पदरी पडलेली नोकरी यांत मोठे अंतर आहे.

सुश्रुताचार्यांनी औषधसेवनाचे दहा काल सांगितले आहेत. काळ चुकला तर उत्तम औषधही अपेक्षित फळ देत नाही. अर्जाचेही तसेच आहे. आंतरवासितेच्या आरंभी कागदपत्रे जमवावीत. मधल्या काळात ज्या पंचकर्म केंद्रात वा औषधनिर्माणशाळेत काम करण्याची इच्छा असेल, तेथे प्रत्यक्ष जाऊन यावे. अखेरच्या तीन महिन्यांत अर्ज करावेत. आज जागा नसली तरी नाव व दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवावा. जागा रिकामी होताच भेटून गेलेला उमेदवार आधी आठवतो.

वैद्यबंधू-भगिनींनो, आपणही नियोक्तेच आहोत. साहाय्यक वैद्य हवा असेल तेव्हा तो केवळ परिचितांत शोधू नये. काम, वेळ आणि वेतन स्पष्ट लिहून ते महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावावे. शहरात कोणाचीही ओळख नसलेल्या, खेड्यातून आलेल्या मुलीलाही ती सूचना वाचता आली पाहिजे.